स्टाफ आणि विद्यार्थ्यांशी एकेकट्याने बोलायचं म्हणजे नेमकं कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की नुकताच विभागप्रमुखाचा चार्ज तुमच्याकडे आलाय, वरून सांगितलंय की प्रत्येक शिक्षकाशी आणि अडचणीत असलेल्या विद्यार्थ्यांशी वन-ऑन-वन मीटिंग घेत जा, आणि आता दार बंद करायचं की उघडं ठेवायचं, किती वेळ द्यायचा, काय लिहून ठेवायचं आणि समोरचा रडायला लागला तर काय करायचं, यातलं काहीच कुणी शिकवलेलं नाही. शिकवत नाहीतच. बी.एड.ला वर्गात चाळीस जणांसमोर उभं राहायला शिकवतात, एकासमोर बसायला कुणी शिकवत नाही. मी शाळा आणि कॉलेज दोन्हीकडे शिकवलंय, आणि दोन्हीकडे अशा मीटिंगा बऱ्याच वर्षं घेतल्यात, त्यातून जे पक्कं झालंय ते लिहितो, थोडं लांबेल.

आधी दाराचंच बघू, कारण अर्धे प्रॉब्लेम तिथेच सुरू होतात. माझा नियम असा : मीटिंग चालू आहे हे येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसलं पाहिजे, आणि आत काय बोलणं चाललंय ते एकालाही ऐकू जाता कामा नये. बाकी सगळं ह्याच्यातून निघतं. दाराला काच असेल तर उत्तम, दार लावा, काच मोकळी ठेवा, तिच्यावर वेळापत्रक आणि नोटिसा चिकटवलेल्या असतात त्या काढून टाका. काच नसेल तर दार अर्धं उघडं आणि खुर्च्या दारापासून लांब. तेही जमत नसेल तर लायब्ररीचा कोपरा घ्या, कॉरिडॉरच्या टोकाचा बाक घ्या, लोकं लांबून बघतायत पण ऐकू शकत नाहीत अशी कुठलीही जागा चालते. शाळा सुटल्यावर रिकाम्या बिल्डिंगमधे, सगळे गेल्यावर लॅबमधे, गाडीत, घरी, असं कधीही नाही, कितीही चांगल्या हेतूने असलं तरी नाही. आणि हे फक्त पुरुष शिक्षक आणि मुलगी एवढ्यापुरतं नाही बरं का, सगळ्यांना सारखंच लागू करा, म्हणजे मग कुणाला वेगळं वागवलं असं वाटत नाही आणि तुम्हालाही प्रत्येक वेळी वेगळा विचार करावा लागत नाही. मीटिंगची वेळ कॅलेंडरवर किंवा ऑफिसच्या वहीत आधीच लिहिलेली असावी, विषय नाही, नुसतं नाव आणि वेळ.

खुर्च्यांचंही सांगून टाकतो. येणाऱ्याची खुर्ची दाराच्या बाजूला, तुमची आत. बरेच जण उलटं बसतात, स्वतः दाराच्या तोंडाशी, आणि मग आतल्या मुलाला वाटतं आपण अडकलोय. मधे मोठं टेबल नको, टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसलं की सारखं डोळ्यात डोळे घालून बघावं लागत नाही, आणि लाजऱ्या माणसाला त्याने खूप सोपं जातं. कॉम्प्युटरची स्क्रीन लॉक करा. समोरचा बोलायला लागतो आणि त्याला तुमच्या स्क्रीनवर दुसऱ्या कुणाच्या तरी तक्रारीचा मेल उघडा दिसतो, मग तो काय सांगणारे तुम्हाला?

आता बोलवायचं कसं. रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर "उद्या मला भेटा" एवढाच मेसेज पाठवणारे हेड मी खूप बघितलेत. त्यांच्या दृष्टीने ते साधं काम असतं, सुट्टीचं वेळापत्रक वगैरे, पण समोरचा रात्रभर आठवत बसतो की आपलं काय चुकलं. त्यामुळे विषय आणि वेळ दोन्ही लिहा. "उद्या तिसऱ्या तासानंतर वीस मिनिटं बसूया का, सहावीच्या पेपर तपासणीबद्दल बोलायचंय." झालं. विषय खरंच गंभीर असेल तर "काळजीचं काही नाही हो" असं लिहू नका, उगाच गोड बोलून बोलावलं आणि आत गेल्यावर धरलं असं होतं, आणि मग पुढच्या वेळी तुमच्या कुठल्याच मेसेजवर विश्वास राहात नाही. त्यापेक्षा "एका पालकांची तक्रार आलीय, तुमची बाजू ऐकायचीय" असं सरळ लिहिलेलं परवडतं. आणि असली बोलणी आठवड्याच्या शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला ठेवू नका, माणूस दोन दिवस ते डोक्यात घेऊन घरी बसतो आणि विचारायला कुणी नसतं.

विद्यार्थ्याला बोलवताना तर अजून जपून. चालू तासात शिपाई पाठवून मोठ्याने नाव पुकारलं की अख्खा वर्ग "ओहोऽऽ" करतो आणि तुमची मीटिंग खाजगी राहण्याचा प्रश्नच संपतो. वही परत देताना आत चिठ्ठी ठेवा, किंवा पोरं बाहेर पडत असताना चालता चालता सांगा. परत वर्गात गेल्यावर मित्र विचारणारच, काय झालं रे, तर त्याला सांगता येईल असं एक साधं कारण त्याच्याकडे असलं तर बरं. निघताना मी सरळ विचारतो, वर्गात काय सांगशील? मुलं स्वतःच काहीतरी शोधतात, "फॉर्म भरायचा होता सांगेन" वगैरे.

एक गोष्ट सुरुवातीलाच केली तर पुढचं निम्मं अवघड काम सोपं होतं, ती म्हणजे फक्त चुकलेल्यांना बोलवायचं नाही. नुसत्या तक्रारीवाल्यांनाच केबिनमधे बोलवत गेलात तर महिनाभरात तुमच्यासमोरची खुर्ची आरोपीची खुर्ची होते, आणि कुणी आत जाताना दिसलं की स्टाफरूममधे चर्चा चालू. चार्ज घेतल्यावर पहिल्या फेरीत सगळ्यांना भेटा, आणि सुरुवात ज्यांचं छान चाललंय त्यांच्यापासून करा. मग कोण कशासाठी आत गेलंय ते कुणाला ओळखता येत नाही, आणि ज्याला खरंच काही सांगायचंय त्याला आडोसा मिळतो.

मीटिंग कुणाची आहे, हा पुढचा प्रश्न, आणि इथे बहुतेक हेड घसरतात. इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख राहिलेले अँडी ग्रोव्ह, ज्यांच्यामुळे ऐंशीच्या दशकात ही वन-ऑन-वनची पद्धत मॅनेजमेंटमधे गाजली, त्यांचं म्हणणं असं होतं की ही मीटिंग हाताखालच्या माणसाची, अजेंडा त्याने आणायचा, साहेबाने ऐकायचं. हे शाळेत शंभर टक्के लागू आहे. त्यांनी कमीत कमी एक तास द्या असंही सांगितलं होतं, ते मात्र आपल्याकडे जमत नाही, कुठल्या शिक्षकाला सलग तासभर मोकळा मिळतो? तीस मिनिटं धरा, महिन्यातून एकदा, आणि ती तीस मिनिटं मोडू नका. दर आठवड्याला ठरवून दर आठवड्याला कॅन्सल करण्यापेक्षा महिन्यातून एकदा पण नक्की, हे कधीही चांगलं, कारण कॅन्सल झालेली प्रत्येक मीटिंग समोरच्याला सांगते की तुझ्यापेक्षा महत्त्वाचं काहीतरी निघालं. अजेंडा त्याचा म्हणजे पहिली पंधरा मिनिटं त्याचीच. "सध्या सगळ्यात जास्त वेळ कशात जातोय?" हा माझा आवडता पहिला प्रश्न आहे, "कसं चाललंय?"चं उत्तर "छान" एवढंच येतं आणि तिथेच संपतं.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. हे आपल्या शिक्षकांना सगळ्यात जड जातं, आपल्याला शांतता सहनच होत नाही. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधलं रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतः बोलायला लागतात किंवा दुसऱ्याला विचारतात, आणि हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब होतात, जे कधी बोलत नाहीत ते बोलायला लागतात. ते वर्गाचं झालं, केबिनमधे तर मी दहा सेकंदसुद्धा थांबतो. मनातल्या मनात मोजा. सातव्या-आठव्या सेकंदाला समोरचा जे बोलतो ते बहुतेक वेळा खरं असतं, आधीचं सगळं तोंडपाठ असतं.

आणि शेवटची पाच मिनिटं मोकळी ठेवाच. माणूस मार्कांबद्दल बोलायला येतो, अर्धा तास मार्कांबद्दलच बोलतो, उठतो, दारापाशी जातो, हँडलवर हात ठेवतो आणि मग म्हणतो "सर, अजून एक होतं पण जाऊ दे." ते "जाऊ दे" म्हणजेच तो ज्यासाठी आला होता ते. एकदा बारावीचा एक मुलगा प्रॅक्टिकलची तारीख बदलून मागायला आला होता, तारखेचं बोलून झालं, बॅग उचलली, आणि बॅगेचा पट्टा नीट करत करत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "घरी जायला नको वाटतं हल्ली." त्या वेळी घड्याळाकडे बघितलं असतं तरी तो "काही नाही सर" म्हणून निघून गेला असता. पुढचा माणूस बाहेर उभा असेल तर बाहेर जाऊन त्याला सांगून यायचं की अजून वेळ लागेल, पण ह्याला "उद्या ये" म्हणायचं नाही. उद्या येत नाहीत.

आता फीडबॅक. समजा नववीला गणित शिकवणाऱ्या सरांबद्दल पालक म्हणतायत की ते मुलांना टाकून बोलतात. आपल्याकडे याची ठरलेली पद्धत आहे, आधी दोन गोड वाक्यं, मग मधे तक्रार, मग परत गोड वाक्य, आणि समोरच्याला पहिल्या वाक्यालाच कळतं की आता काहीतरी येणारे. ते सोडा. "सर, तुम्ही रागीट आहात असं लोकं म्हणतात" हे तर अजिबातच नको, कारण ते त्यांच्या स्वभावावर गेलं, आणि स्वभावावर गेलं की माणूस फक्त स्वतःला वाचवतो. क्लूगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मधे फीडबॅकवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून तपासले तेव्हा असं दिसलं की सरासरीने फायदा होतो खरा, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम आणखी बिघडलं होतं, आणि लक्ष कामावरून उठून स्वतःच्या प्रतिमेवर गेलं की परिणाम कमी होतो असं त्यांचं म्हणणं. म्हणून कामावर राहा, एका प्रसंगावर राहा. "मंगळवारी चौथ्या तासाला फळ्यावर गणित चुकलं तेव्हा तुम्ही त्या मुलीला 'बस, तुझ्याच्याने होणार नाही' म्हणालात असं दोन पालकांनी लिहून दिलंय. तेव्हा काय झालं होतं?" आणि गप्प. सर चिडतील, चिडू द्या, मग सांगतील की पोर्शन मागे आहे, वर्गात बासष्ट मुलं आहेत, आणि मागच्या आठवड्यात तीन ऑफ तास गेलेत. ती खरी अडचण आहे, ती वेगळी लिहून घ्या आणि त्यावर तुम्ही काय करू शकता ते सांगा. पण त्या मुलीला तसं बोलणं चालणार नाही हेही त्याच मीटिंगमधे स्पष्ट म्हणा, एकदाच, लेक्चर न देता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

"बाकीचे सगळे पण तसंच म्हणतात" हे वाक्य मात्र कधीही वापरू नका. नाव न घेता आणलेली तक्रार माणूस स्टाफरूममधे घेऊन जातो आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसतो, कोण बोललं असेल म्हणून.

इथेच एक धोक्याची जागा आहे, ती नीट समजून घ्या. गप्पा कधी चौकशी होतात ते कळत नाही. तुम्ही पेपर तपासणीबद्दल बोलायला बसलात आणि बोलता बोलता शिक्षक म्हणाले की काही मार्क मी नंतर बदलले. आता ही साधी मीटिंग राहिली नाही. इथे थांबायचं आणि सांगायचं, "हा विषय वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागेल, तुम्हाला लेखी कळवलं जाईल, सोबत कुणाला आणायचं असेल तर आणता येईल." अजून दोन प्रश्न विचारून सगळं काढून घेऊ हा मोह आवरा, तसं काढलेलं पुढे टिकत नाही आणि त्या माणसाला फसवल्यासारखं वाटतं ते बरोबरच असतं. ब्रिटनमधे १९९९ च्या कायद्याने शिस्तभंगाच्या सुनावणीला सोबत सहकारी किंवा युनियनचा माणूस नेण्याचा हक्क दिलाय, अमेरिकेत सुप्रीम कोर्टाच्या १९७५ च्या वाइनगार्टन केसपासून युनियनमधल्या कर्मचाऱ्याला चौकशीच्या वेळी प्रतिनिधी मागता येतो. तुमच्या संस्थेचा नियम काय आहे ते आजच वाचून ठेवा, प्रसंग आल्यावर शोधायला वेळ नसतो.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत सगळ्यात अवघड वाक्य हे : "मॅडम, सांगते, पण कुणाला सांगणार नाही ना?" आणि आपण मायेपोटी पटकन म्हणतो "नाही गं बाळा, कुणाला नाही सांगणार." हे वचन देऊ नका. ते पाळता येण्यासारखं नसतं. त्याऐवजी मी असं सांगतो : "तुझं बोलणं मी उगाच कुणाला सांगणार नाही. पण तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका आहे असं मला वाटलं तर मदतीसाठी एकदोन माणसांना सांगावं लागेल, आणि सांगायच्या आधी ते कोण हे मी तुला सांगेन." काही मुलं हे ऐकून गप्प होतात, पण बरीचशी बोलतात, कारण हा माणूस खोटं बोलत नाहीये हे त्यांना कळतं. कायद्याच्या दृष्टीनेही दुसरा रस्ता नाही, बऱ्याच देशांत मुलांवरचा अत्याचार कळवणं शिक्षकांना बंधनकारक आहे, भारतात मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच, आणि न कळवल्याबद्दल कलम २१ मधे शिक्षा आहे.

असं काही मूल सांगायला लागलं तर तपास करायचा नाही. तुमचं काम ऐकायचं. "त्याने तुला हात लावला का?" असं उत्तर आत भरलेलं विचारू नका, "मग काय झालं?" एवढंच पुरतं. तोंडावर धक्का दिसू देऊ नका, नाहीतर मूल तुम्हालाच सांभाळायला लागतं. फोटो काढायचे नाहीत, परत परत सांगायला लावायचं नाही, आधी दुसऱ्या बाजूच्या माणसाला बोलावून "खरं का हे?" तर अजिबात नाही. मूल गेल्यावर लगेच, त्याच तासात, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, त्याने जो शब्द वापरला तोच, आपला सभ्य शब्द नाही, आणि संस्थेत त्यासाठी नेमलेली व्यक्ती असेल तर तिच्याकडे जायचं. नेमलेली व्यक्तीच नसेल तर उद्या सकाळी पहिलं काम ते.

रडण्याचं विचारलंत. रडू द्या. टिश्यूचा बॉक्स हाताला येईल असा ठेवा, पण उचलून तोंडासमोर धरू नका, ते "आवरा आता" असं वाटतं. पाणी द्या, खिडकीकडे बघा थोडं, "घाई नाहीये" म्हणा. खांद्यावर हात वगैरे नको. चेहरा लाल झालेल्या माणसाला लगेच वर्गावर पाठवू नका, दहा मिनिटं बसू द्या आणि तास दुसऱ्या कुणाला द्या. बस, याच्यावर फार काही नाही.

लिहून काय ठेवायचं? प्रत्येक साध्या मीटिंगनंतर तीन ओळी. तारीख, काय ठरलं, कोण काय करणार. बास. "घरी नवऱ्याशी पटत नाही, डिप्रेस वाटल्या" असलं काही लिहायचं नाही, उद्या ती वही कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही, आणि आपण डॉक्टर नाही. माझी कसोटी सोपी आहे, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याने ते वाचलं तर मी त्याच्या डोळ्याला डोळा देऊ शकेन का. मी तर ते तीन ओळींचं त्याला पाठवूनच देतो, "आपलं असं ठरलं, काही राहिलं असेल तर सांगा," म्हणजे नंतर तुम्ही असं म्हणालात, मी तसं म्हणालो नव्हतो हा वाद होत नाही. सामायिक कॉम्प्युटरवर नको, स्टाफच्या ग्रुपवर तर नकोच.

आणि तोंडाचं पथ्य. वर्षभर कमावलेला भरवसा जायला स्टाफरूममधलं एक वाक्य पुरतं. "त्यांना सध्या जरा सांभाळून घ्या हं, घरी टेन्शन आहे त्यांना," हे तुम्ही प्रेमाने बोलता, पण ऐकणाऱ्या चौघांना कळतं की आपण सांगितलेलंही असंच फिरणार. दुसऱ्याला काही सांगणं गरजेचंच असेल, समजा तास बदलून द्यायचेत, तर आधी ज्याचं आहे त्याला विचारा, "मी सुपरवायझरना एवढंच सांगू का, की दोन आठवडे पहिला तास नको?" कारण सांगायची गरज नसतेच बहुतेक वेळा.

ऑनलाईन मीटिंगला हेच सगळं, फक्त सुरुवातीला विचारून घ्या की खोलीत अजून कोण आहे, हेडफोन आहे का. आई शेजारी बसलेली असताना मूल तुम्हाला काय सांगणार. विद्यार्थ्याशी बोलताना संस्थेचंच अकाउंट वापरा, स्वतःचा पर्सनल नंबर नको, आणि रेकॉर्डिंग करायचं असेल तर विचारूनच.

शंभर विद्यार्थी असतील तर प्रत्येकाला अर्धा तास देणं शक्य नाही हे मलाही कळतं. मग दहा मिनिटांचे स्लॉट करा, आठवड्यातून ठरलेले दोन तास, दाराबाहेर कागद लावा आणि ज्याला हवं त्याने नाव न घालता नुसती फुली मारून वेळ घ्यावी. जे कधीच फुली मारत नाहीत त्यांची यादी वेगळी करा आणि त्यांना तुम्ही बोलवा, कारण आपणहून येणारी बहुतेक धीट मुलंच असतात. आणि पुढच्या वेळी भेटलात की बसल्या बसल्या आधी मागच्या तीन ओळी काढा, "मी ग्रंथपालांशी बोलतो म्हणालो होतो, बोललो, ते हो म्हणालेत," किंवा नसेल झालं तर नाही झालं, कधीपर्यंत होईल ती तारीख द्या. तुम्ही तुमचं सांगितल्याशिवाय त्याला त्याच्या कामाचं विचारू नका.